सड्यावरची टिकली

चतुर्थीच्या आदल्या दिवशी उजाडायच्या आत आजी आम्हाला उठवायची. पेडण्यातलं आमचं घर सड्याच्या पायथ्याशी. मागचं दार उघडलं की काजूची चढण आणि ती संपली की सपाट, काळा, पावसानं धुतलेला कातळ. माटोळीचं सामान आणायला आम्ही तिथं जात असू. आजी पुढे, हातात कोयती, मागे आम्ही चार भावंडं पिशव्या घेऊन. नारळ, सुपारीचे घड, केळीचा लोंगर हे सगळं घरचंच असायचं. पण गणपतीच्या डोक्यावरची माटोळी रानाशिवाय पुरी होत नाही. रानातली फळं, वेली, तेरडा आणि घागऱ्यांच्या हिरव्या शेंगा आजी सड्यावरून वेचून आणायची. त्या घागऱ्या वाळल्या की आत बी खुळखुळतं, म्हणून आम्हा मुलांचा डोळा त्यांच्यावर असायचा.

साल १९७२-७३ असावं. भाद्रपदातला सडा म्हणजे पाण्याचं पातळ तळंच. खळग्यांत पाणी, पाण्याच्या कडेला गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी दाटी, आणि जिथं चार बोटं माती साचली असेल तिथं आखूड गवत. त्या गवतात एक इवलं पाखरू उडायचं. उडायचं म्हणजे काय, गवताच्या टोकाला घासत पुढं सरकायचं. घोट्याच्या वर ते कधी आलंच नाही. बसलं की करंगळीच्या नखाएवढं. आम्ही बहिणींनी त्याचं नाव टिकली ठेवलं होतं. ओणवं होऊन नीट पाहिलं तर त्याच्या मागच्या पंखाच्या काठाला चार काळे ठिपके दिसायचे, आणि ऊन पडलं की त्या ठिपक्यांत हिरवट-निळी चमक उठायची, कुंकवाच्या डबीतल्या चमकीसारखी.

मी एकदा ते चिमटीत धरायला गेले. आजी म्हणाली, "पिसोळें तें, धरूं नाका गो." आमच्या बोलीत फुलपाखराला पिसोळें म्हणतात. लहान असो, मोठं असो, निळं असो, पिवळं असो, सगळी पिसोळींच. त्याहून जास्त नाव आजीला ठाऊक नव्हतं. पण ते कुठं सापडतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. "गुरां चरतात थंय," ती म्हणाली. गुरं चरतात तिथं. ही दोन वाक्यं मी पन्नास वर्षं सांभाळली आहेत, आणि दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला आत्ता आत्ता कळला.

माझं आजोळ डिचोली महालातलं, मुळगावचं. पेडणं आणि डिचोली हे तसे बहिणींचेच महाल. मोरजीची मोरजाई, मुळगावची केळबाई, शिरगावची लईराई, मयेची महामाया या देवी एकमेकींच्या बहिणी, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यामुळे पेडण्याहून मुळगावला जाताना आई म्हणायची, देवीसुद्धा बहिणीला भेटते, आपण तर माणसं.

नाताळच्या सुट्टीत तिथं पोचलो की शेतात भात नसायचं. भाताची कापणी होऊन जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर अळसांदे पेरलेले असायचे. पौषात त्यांना फुलं यायची, फिकट जांभळी. आणि त्या फुलांवर निळ्या पाखरांचा थवा. ही सड्यावरच्या टिकलीपेक्षा मोठी, मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी असलेली. बसल्यावर ती मागचे पंख एकमेकांवर हळूहळू घासत राहायची. त्या हालचालीत शेपट्या अशा वळवळायच्या की तिकडेच डोकं आहे असं वाटावं. पुढं वाचनात आलं की तोच त्यांचा बचाव आहे. पक्षी खोट्या डोक्यावर चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, पाखरू वाचतं. मुळगावच्या शेतात मागचा पंख कुरतडलेली कितीतरी पाखरं आम्ही पाहिली होती आणि कोण खोडकर मुलगा यांना त्रास देतो म्हणून भांडलोही होतो.

शेंगा सोलायला बसलो की आजोबा एखादी किडकी शेंग माझ्या हातावर उघडायचे. आत हिरवट, चपटी अळी, आणि शेंगेच्या भोकापाशी दोन-तीन मुंग्या. "खातील तिला," मी म्हणायची. आजोबा म्हणायचे, "खायच्या असत्या तर एव्हाना खाल्ली असती. राखण करतात." शेतकऱ्यानं नुसत्या नजरेनं ताडलेली ही गोष्ट पुस्तकात तशीच लिहिलेली आहे. निळ्या फुलपाखरांच्या कुळातल्या बऱ्याच अळ्यांच्या पाठीवर, शेवटाकडे, एक ग्रंथी असते. तिच्यातून गोड रस पाझरतो. मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात परोपजीवी माशी-गांधिलीला अळीजवळ फिरकू देत नाहीत. आजोबा किडक्या शेंगा वेगळ्या काढून गुरांच्या आंबोणात टाकायचे, चांगल्यांचं तोणाक व्हायचं. पाखराचा वाटा पाखराला, गुरांचा गुरांना, आमचा आम्हाला.

तिसरी जागा घरातलीच. तुळशी वृंदावनाच्या पायाशी, सारवलेल्या अंगणाची कड संपते तिथं, आंबुशी माजलेली असायची. तीन पाकळ्यांची पानं, पिवळी फुलं, चघळली की आंबट. तिथंही फिकट निळं पाखरू, बारा महिने. आजी तुळशीला पाणी घालायची तेव्हा ते उठून पुन्हा तिथंच बसायचं.

सड्यावरचं, शेतातलं आणि अंगणातलं, ही तिन्ही आमच्या लेखी एकाच पाखराची घरं होती. ती वेगवेगळी पाखरं आहेत, हे कळायला माझं अर्धं आयुष्य जावं लागलं.

त्या काळी नाव शोधायचं कुठं? मराठी शाळेच्या कपाटात फुलपाखरांचं पुस्तक नव्हतं. विंटर-ब्लाइथ यांचा भारतीय फुलपाखरांवरचा ग्रंथ १९५७ साली निघाला होता, पण तो इंग्रजीत, आणि पेडण्यात तो कुणी पाहिलेला नव्हता. पुढं २००० साली कृष्णमेघ कुंटे यांचं द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक आलं, २००७ मध्ये पराग रांगणेकरांनी खास गोव्याच्या फुलपाखरांवर लिहिलं, २००८ मध्ये आयझॅक किहीमकरांचा मोठा ग्रंथ आला. महाराष्ट्रानं २०१५ साली नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि फुलपाखरांना मराठी नावं देण्याचं काम पुढं सरकलं. निळ्यांच्या घराण्याला आता मराठीत नील कुळ म्हणतात. जगभरात या एका कुळात पाच हजारांहून अधिक जाती आहेत.

परवा, म्हणजे गेल्या भाद्रपदात, भाचीची मुलगी माझ्याबरोबर सड्याच्या उरलेल्या कडेवर आली. तिच्या हातात मोबाइल. गवतात टिकली दिसली आणि माझ्याआधी तीच पालथी झोपली. एक फोटो काढला, तो मोठा केला आणि म्हणाली, "आजी, ग्रास ज्वेल." आम्ही घरी येऊन पुस्तक उघडलं. पंखांचा विस्तार १५ ते २२ मिलिमीटर, भारतातल्या सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला काठावर काळ्या ठिपक्यांची ओळ, त्यांत धातूसारखी चमक, वर नारिंगी कड. पन्नास वर्षांनी टिकलीला नाव मिळालं. त्या नावातला रत्नाचा अर्थ आमच्या टिकलीपासून फार लांब नव्हता, याचा मला मनापासून आनंद झाला.

या निमित्तानं ओळखण्याची रीतही शिकले, ती सांगते, कारण ती सोपी आहे आणि कुणालाही जमेल. निळ्या पाखराची निळाई पाहून नाव ठरवू नका. टिकली तर नील कुळातली असून पंख उघडल्यावर तपकिरी आहे. ती निळाई हा रंगच नव्हे. पंखावरच्या सूक्ष्म खवल्यांची रचना अशी असते की त्यांच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा परत फिरतो. लहानपणी चिमटीत पाखरू धरलं तेव्हा बोटाला निळं काहीच लागलं नव्हतं, नुसती राखाडी भुकटी लागली होती, ती बहुधा यामुळेच. पाखरू बसून पंख मिटेपर्यंत थांबायचं आणि खालची बाजू पाहायची. ठिपके किती, कुठं, कोणत्या ओळीत, शेपटी आहे की नाही, काठाला नारिंगी आहे की नाही. आणि त्याच वेळी पायाखाली कोणतं रोप आहे ते बघायचं. अर्धी ओळख तिथंच पटते.

कारण या प्रत्येकाचं रोप ठरलेलं आहे. अंगणातलं फिकट निळं, पेल ग्रास ब्लू, आंबुशीवर अंडी घालतं. त्याचा गडद भाऊ डार्क ग्रास ब्लू माठाच्या गोतातल्या भाज्यांवरही वाढतो, म्हणजे तांबड्या भाजीच्या वाफ्याच्या आसपास त्याला शोधावं. लेसर ग्रास ब्लूला पायवाटेवरची रानमेथी लागते. अळसांद्यावरची दोन शेपटीवाली म्हणजे ग्राम ब्लू आणि पी ब्लू. यातलं पी ब्लू घागऱ्यांच्या फुला-शेंगांवरही वाढतं. म्हणजे माटोळीला टांगलेल्या शेंगांबरोबर आम्ही दरवर्षी त्याच्या अळ्याही गणपतीच्या दर्शनाला आणत असणार. आणि टिकलीच्या अळीला सड्यावरची जमिनीलगत पसरणारी, निळीच्या गोतातली बारकी रोपं चालतात. ज्या रोपाच्या नात्यातून माणसानं कापडाला निळा रंग मिळवला, त्याच नात्यातल्या रोपावर हे नील कुळातलं इवलं लेकरू वाढतं.

नावं अशी एकेक कळत गेली, आणि त्याच वर्षांत जागा एकेक जात राहिल्या.

पेडण्यातल्या मोपाच्या सड्यावर आता विमानतळ आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. त्याआधी पर्यावरण परवानगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं काम थांबवलं आणि जानेवारी २०२० मध्ये ते पुन्हा सुरू होऊ दिलं. विमानतळानं पेडण्याच्या मुलांना नोकऱ्या दिल्या, परदेशातल्या लेकरांना घराजवळ आणलं, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. मला खुपतो तो एक शब्द. जमीन संपादनाच्या काळात चहाच्या टपरीपासून सभेपर्यंत सगळीकडे तो ऐकला. सडा म्हणजे पडीक. तिथं काही पिकत नाही, झाडं नाहीत, नुसता कातळ. ज्या कातळावर पावसाळ्यात गुरं चरत, ज्याच्या खळग्यांतलं पाणी मुरून खालच्या झरींना मिळे, ज्याच्या चार बोटं मातीवर टिकली पिढ्यान्‌पिढ्या जगत होती, तो आमच्याच तोंडून पडीक ठरला. उरलेल्या सड्यावर चिरेखाणी आहेत, कुंपणं आहेत, आखलेले प्लॉट आहेत.

डिचोलीची गोष्ट वेगळी आणि जुनी. तिथं लोहखनिजासाठी डोंगर उपसले गेले. माझ्या तरुणपणी मुळगावच्या वाटेवरची झाडं हिरवी नव्हती, तांबडी होती. ट्रकांच्या रांगांमागून धुरळा उडायचा आणि पानांवर बसायचा. पावसाळ्यात खाणीवरची माती वाहून खालच्या शेतांत यायची. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढं पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि आता लिलावानं त्या पुन्हा सुरू होत आहेत. मधल्या काळात रिजेक्शनच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या, ढिगांवर अकेशिया लावलेली दिसते. लांबून ती हिरवीगार दिसते. पण तिच्या खाली वाळक्या पानांचा जाड थर, त्यात ना रानमेथी, ना आंबुशी, ना घागऱ्या. हिरवं दिसलं की रान परत आलं असं आपण धरून चालतो. पाखराला विचारलं तर ते तसं म्हणणार नाही.

आजोबांच्या शेतात अळसांदे आता होत नाहीत. शेत पडून आहे आणि त्यात कमरेएवढं गवत आहे. बाजारातून आणलेल्या अळसांद्यांची शेंग सहसा किडकी निघत नाही, कारण तिच्यावर फवारणी झालेली असते. गंमत नव्हे, दुःख असं की ग्राम ब्लू आणि पी ब्लू ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कित्येक वर्षं होती. कायद्यानं त्यांना राखलं आणि फवाऱ्यानं त्यांना मारलं. आजोबांनी कायदा वाचला नव्हता. त्यांनी फक्त किडकी शेंग बाजूला काढली होती.

आणि आजीचं ते दुसरं वाक्य, गुरां चरतात थंय. इंग्लंडमध्ये लार्ज ब्लू नावाचं एक निळं फुलपाखरू होतं. त्याची अळी एका ठरावीक जातीच्या लाल मुंगीच्या वारुळात वाढते. ते कमी होऊ लागलं तशी लोकांनी त्याच्या कुरणांना कुंपणं घातली, गुरं आत येऊ दिली नाहीत. गवत वाढलं, जमिनीवर सावली पडली, माती गार झाली, ती मुंगी निघून गेली, आणि १९७९ मध्ये ते फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं कारण शोधलं तोवर उशीर झाला होता. पुढं स्वीडनहून अंडी-अळ्या आणून, गुरं पुन्हा चरायला सोडून, १९८३ पासून त्याला परत वसवलं गेलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. जे कळायला एका देशाला आपलं पाखरू गमवावं लागलं, ते पेडण्यातली एक न शिकलेली बाई सड्यावर कोयती घेऊन उभी असताना सहज बोलून गेली होती. आमच्या सड्यावरचं गवत आखूड होतं ते गुरांमुळे. आखूड गवतात ऊन जमिनीपर्यंत पोचतं, आणि जमिनीलगतच्या रोपांना ते लागतं. आता गोठे रिकामे आहेत. विमानतळ नसलेल्या सड्यावरही गवत गुडघ्यापर्यंत येतं आणि टिकली त्याच्या कडेकडेनं, पायवाटेवर तेवढी दिसते.

अंगणाचंही तसंच. आमच्या घरासमोर आता पेव्हर आहेत. तुळस आहे, पण तिच्या पायाशी सिमेंट आहे. गावात नव्या बंगल्यांच्या दारात सायकसची ठोकळेबाज झाडं आली आणि त्यांच्या कोवळ्या पानांवर आणखी एक निळं पाखरू आलं, प्लेन्स क्युपिड. त्याची अळी सायकसवर जगते. माळी त्याला कीड म्हणून औषध मारतो. मला मात्र ते दिसलं की बरं वाटतं. आपण दारात काय लावतो त्यावर कोण दारात येणार हे ठरतं, इतकं साधं ते सांगून जातं.

अंगणातल्या फिकट निळ्याला तर मी आता वेगळ्या आदरानं पाहते. हीच जात जपानातही आहे, तिथंही आंबुशीवरच वाढते, माणसांच्या घरांच्या आसपास. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाल्यावर र्‍युक्यू विद्यापीठातल्या जोजी ओताकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पाखराचा अभ्यास केला. ज्या भागात किरणोत्सर्ग पसरला तिथल्या पाखरांच्या पंखांत, पायांत, डोळ्यांत त्यांना व्यंगं सापडली. २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाखरू आपली जागा सोडून फार लांब जात नाही, म्हणून त्या जागेचं काय झालं हे त्याच्या अंगावर उमटतं. आपल्या तुळशीजवळ आजवर असा एक साक्षीदार बसत होता.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आम्हाला नावं ठाऊक नव्हती, आम्ही सडे उन्हाळ्यात पेटवत होतो, आणि माझ्या वयाच्या कितीतरी मुली शाळेचं तोंड न बघता गुरं राखत होत्या. आजची मुलगी फोटो काढते, नाव शोधते, नोंद करते. सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरांचा महिना पाळला जातो, त्यात गोव्याची मुलंही असतात. हे आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगलं आहे. ज्ञान वाढलं याचा मला अभिमान आहे. फक्त नाव आणि जागा एकाच वेळी हाती असावीत, एवढीच इच्छा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवर झर्सीस ब्लू नावाचं एक निळं पाखरू होतं. शहर त्या टेकड्यांवर पसरलं आणि १९४० च्या दशकात ते कायमचं गेलं. पुढं १९७१ मध्ये कीटकांना वाचवण्यासाठी एक संस्था उभी राहिली आणि तिनं त्याचंच नाव घेतलं. नावाला संस्था मिळाली, पाखराला टेकडी मिळाली नाही.

टिकली दुर्मीळ नाही. अंगणातलं निळंही नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी कुणी अभयारण्य मागणार नाही आणि मागायची गरजही नाही. त्यांना घोट्याएवढं गवत पुरतं, हातभर माती पुरते. पेडण्या-डिचोलीतल्या माझ्या माणसांना एवढंच सांगणं आहे. सड्याला पडीक म्हणू नका, कागदावरही नाही आणि बोलण्यातही नाही. यंदा घागऱ्या आणायला जाल तेव्हा सोबत एका मुलाला न्या आणि त्याला गवतात ओणवं व्हायला सांगा. आणि अंगणात पेव्हर घालणार असाल तर तुळशीभोवती हातभर माती मोकळी सोडा. आंबुशी लावावी लागत नाही, ती आपली आपण उगवते.